३२ जीबीच्या डिस्कवर लिनक्स बसवताना

नव्या वर्कस्टेशनला डिस्क फक्त ३२ जीबीची. जुन्या सवयीने मी रूट (मूळ सिस्टीम), व्हार (लॉग, अपडेटच्या फाइली) आणि होम (स्वतःच्या फाइली) अशी तीन पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग, केली आणि तिथंच चुकलं. व्हारला दिलेले ४ जीबी दोन दिवसांत भरले, अपडेट अर्ध्यावर अडकलं, आणि होममध्ये मात्र १५ जीबी जागा नुसती पडून होती. एवढ्याशा डिस्कचे तुकडे पाडूच नयेत, असं माझं ठाम मत झालंय.

डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) पुन्हा बसवलं. एकच रूट, डेस्कटॉप नाही, शिफारस केलेली जादा पॅकेजं बंद. स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पार्टिशनऐवजी २ जीबीची फाइल, म्हणजे नको तेव्हा काढता येते.

तरी आठवड्याभरात एक कोडं पडलं. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणतेय डिस्क ९६ टक्के भरली, फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र ६ जीबीने कमी! आदल्या दिवशी मी एक अवाढव्य लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) आरएम या फाइल काढायच्या कमांडने उडवली होती, पण तिच्यात लिहिणारी प्रोसेस चालूच होती. यूनिक्समध्ये, आणि म्हणून लिनक्समध्येही, फाइलचं नाव गेलं तरी कुणी ती उघडी धरून असेल तोवर तिची जागा सुटत नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफच्या यादीत तिच्यापुढे 'डिलीटेड' असं स्पष्ट दिसलं. तिच्यात लिहिणारी सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि सगळी जागा क्षणात परत आली. (मशीन रीबूट करूनही भागलं असतं, पण मग कारण कळलं नसतं.) आता चालू लॉग रिकामी करायची असेल तर ट्रंकेटच (फाइल न उडवता तिचा आकार शून्यावर आणणारी कमांड) वापरतो.

ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम मुळात ५ टक्के जागा रूट युजरसाठी (म्हणजे अ‍ॅडमिनसाठी) राखून ठेवते. ट्यून२एफएस या कमांडने ती १ टक्क्यावर आणली, आणखी सव्वा जीबी मिळाले.