घरी डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर बनवणार असाल तर आधी एवढं जमवा, आणि बॅटरी सगळ्यात आधी

हा सेट म्हणजे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, शॉर्टवेव्हवरचं बोलणं ऐकायचा साधा रेडिओ. सगळ्यात आधी बॅटरी. आयसी नाही, कॉइल नाही, डबा नाही, बॅटरी. १२ व्होल्टची, ७ एएचची सील्ड बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, कुठल्याही इन्व्हर्टरवाल्याकडे मिळते. मागच्या सेटला मी बाकी सगळं आणलं आणि हीच राहिली, मग घरातला अडॅप्टर लावला आणि स्टेशनच्या जागी नुसती घरघर. कपॅसिटर वाढवत बसलो, दोष कपॅसिटरचा नव्हताच.

कारण नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हीही अडॅप्टरच लावाल. या सेटमध्ये आयएफ, म्हणजे नेहमीच्या रेडिओतली मधली फ्रिक्वेन्सी, नसतो. ऑसिलेटर (सेटमध्येच सिग्नल तयार करणारा भाग) ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरच चालतो आणि मिक्सरमधून (हा सिग्नल आणि स्टेशनचा सिग्नल जिथे मिसळतात तिथून) थेट ऑडिओ निघतो. म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झ ऐकताय तेव्हा तुमच्याच टेबलावर ७.१ चा एक बारीक ट्रान्समीटर चालू असतो. त्यातलं थोडं अँटेनातून आणि वायरींतून बाहेर पडतं, अडॅप्टरच्या रेक्टिफायर डायोडपर्यंत पोचतं, ते डायोड मेन्सबरोबर सेकंदाला १०० वेळा चालू-बंद होतायत, त्यामुळे त्या सिग्नलवर १०० हर्ट्झ चढतो आणि तो परत तुमच्याच अँटेनात येतो. फ्रिक्वेन्सी तीच, मग रिसीव्हर त्याला खरा सिग्नलच समजणार ना. ट्यूनिंग किंवा अँटेना हलवली की हा हम, म्हणजे ती घरघर, कमी-जास्त होतो, ही त्याची खूण. तो सप्लायच्या डीसीतून येत नाहीये, त्यामुळे कितीही मोठा कपॅसिटर लावा, जाणार नाही. आणि हो, बॅटरीला चार्जर जोडून ठेवून ऐकत बसलात तर परत अडॅप्टरच लावल्यासारखं झालं. चार्जर काढायचा, भिंतीतून पण काढायचा.

रशियन हॅम व्लादिमीर पोल्याकोव्ह यांचा दोन डायोड उलटसुलट जोडलेला मिक्सर वापरला तर ऑसिलेटर अर्ध्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ३.५५ वर चालतो, गळती ७.१ वर फार कमी होते आणि हमही बराच जातो. सर्किट छान आहे, जरूर करून बघा, पण बॅटरी तरीही घ्या.

आता खरेदी. लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. रेझिस्टर, सोल्डर, मल्टिमीटर याबद्दल काय लिहायचं. मिक्सरला एनई ६०२ किंवा एसए ६१२ घ्या, ऑसिलेटर त्यातच असतो, पण त्याला ८ व्होल्टच्या वर द्यायचं नाही, म्हणून ७८एल०६ रेग्युलेटर त्याच फेरीत घ्या, नाहीतर घरी आल्यावर मोह होतो आणि १२ व्होल्टला आयसी जातो. ऑडिओला एलएम ३८६ आणि त्याच्या आधी एक बीसी ५४९. एकटा ३८६ पुरत नाही, १ आणि ८ पिनमध्ये १० मायक्रोफॅरड टाकून त्याचा गेन, म्हणजे वाढ, २०० पट होतो, म्हणजे ४६ डीबी, आणि इथे एकूण १०० डीबीच्या आसपास लागतो कारण सगळी वाढ ऑडिओमध्येच करायची आहे. एवढा गेन एका सप्लायवर असला की सेट टुकटुक करायला लागतो, म्हणून प्रीअँपच्या सप्लायमध्ये १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड हवेतच.

कॉइलसाठी टोरॉइड, लाल टी-५०-२. लालवर ३० वेढे म्हणजे साधारण ४.४ मायक्रोहेन्री, ७.१ ला त्याच्याबरोबर ११५ पिकोफॅरडच्या आसपास लागतं, म्हणून १०० चा फिक्स्ड आणि एक ट्रिमर. वायर भोकातून जितक्यांदा जाते तितके वेढे, हे मोजताना लोक हमखास एकाने चुकतात. टोरॉइड नाही मिळाला तर अडून बसू नका, हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स या त्यांच्या घरी बनवायच्या हॅम सेटमध्ये नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळल्या होत्या आणि तो सेट जगभर बनला.

अँटेनाच्या लगेच नंतरचा बँडपास फिल्टर (हवा तेवढाच बँड आत सोडणारा) मुंबईत टाळूच नका, आणि एक नाही, दोन ट्यून्ड सर्किटचा करा. मालाडला आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर आहेत, ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ, कांदिवली-बोरिवलीकडे राहत असाल तर ट्यूनिंग कुठेही असो, मागे बातम्या चालू राहतील. संध्याकाळी ७.२ च्या वरची मोठी ब्रॉडकास्ट स्टेशनं पण तशीच घुसतात. यासाठी अँटेनाच्या तोंडाशी १ किलोओहमचा पॉट ठेवा, सिग्नल १० डीबी कमी केला की ही घुसखोरी २० डीबी कमी होते, त्यामुळे पॉटने सिग्नल कमी करून ऐकणं जास्त स्वच्छ होतं. करून बघा, फरक लगेच कळतो.

ब्रेडबोर्ड नको. कॉपर क्लॅडचा तुकडा घ्या, तांबं म्हणजे ग्राउंड, त्याच्यावरच पार्ट उभे सोल्डर करा. ऑसिलेटरला एनपीओ कपॅसिटरच लावा, दुकानदार साधा डिस्क देईल, परत मागा, कारण साध्यावर फ्रिक्वेन्सी सरकत राहते आणि आपल्याकडे डोक्यावर पंखा चालूच असतो, त्याच्या वाऱ्यानेसुद्धा सरकते. म्हणून पत्र्याचा डबा. डब्याने गळतीही कमी होते. ऑसिलेटरच्या जागी आर्डुइनोवर चालणारं एसआय ५३५१ मॉड्यूल लावत असाल तर त्याचं आउटपुट ३ व्होल्टच्या आसपास असतं, ६०२ च्या ६ नंबर पिनला पाव व्होल्ट पुरे, दोन रेझिस्टर लावून खाली आणा. आणि आर्डुइनोला पॉवर लॅपटॉपच्या यूएसबीतून देऊ नका, लॅपटॉप चार्जिंगला असतो, म्हणजे फिरून तीच घरघर. बॅटरीवरून द्या.

ऑडिओमध्ये ३ किलोहर्ट्झचा लो पास, बाकी सिलेक्टिव्हिटी, म्हणजे जवळजवळची स्टेशनं वेगळी करणं, या सेटला नाहीच. हेडफोन घ्या, स्पीकर नंतर.

अँटेना: दोन्ही बाजूंना १०-१० मीटर वायर, मध्ये कोॲक्स. सोसायटीची परवानगी आधी, लेखी. गच्चीवर लिफ्टच्या खोलीपासून आणि एलईडी दिव्यांपासून जमेल तितकी लांब. कोॲक्सचं टोक पावसाआधी सील करा, एकदा पाणी आत गेलं की केबल फेकूनच द्यावी लागते. विजा चमकत असतील तर अँटेना काढून ठेवा.

चालू करताना: बॅटरी लावली, चार्जर भिंतीतून काढला, मगच हेडफोन कानाला. सकाळी ७.१ च्या आसपास फिरवा, तिथे बोलणं लोअर साइडबँड या पद्धतीचं असतं. मोर्सचं स्टेशन दोनदा येईल, मधल्या शांत जागेच्या दोन्ही बाजूंना, हे या सेटचं असंच असतं, बिघाड नाही. ट्रान्समिट करायचं मनात आलं तर आधी केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या डब्ल्यूपीसीचं लायसन्स.