भोपळ्याची वेल फुलते पण फळ धरत नाही? हाताने परागीभवन असं करा

वेल लावलीय आणि फुलं येतायत हे धरूनच लिहितोय. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरून खत ओतत बसू नका, नत्र जास्त झालं की वेल नुसती पानांनी माजते.

नर-मादी ओळखणं सोपं. पाकळ्यांच्या खाली गोटीएवढा भोपळा दिसला की मादी, तोच अंडाशय. नराला नुसता बारीक लांब देठ.

आता जिथे सगळे आपटतात ते, म्हणजे वेळ. "दिवसभरात कधीही ब्रश फिरवा" असं सांगणाऱ्यांनी एकदा तरी केलंय का मला शंका आहे. मी पहिल्या वर्षी आंघोळबिंघोळ उरकून साडेदहाला जायचो, फुलं मिटायला लागलेली असायची, आणि चार दिवसांत गोट्या पिवळ्या पडून गळायच्या, एक नाही दोन नाही, सगळ्या! भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, ते परत उघडत नाही. त्यामुळे उजाडल्या उजाडल्या जा. आदल्या संध्याकाळी ज्या कळीचं टोक पिवळं झालंय ती उद्याची, हेरून ठेवा. पाऊस येणार असेल तर नर-मादी दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने हलकी बांधा, कारण परागकण भिजले की फुगून फुटतात.

ब्रश मुळीच नको, अर्धे पराग त्यालाच चिकटून राहतात. नर फूल तोडा, पाकळ्या फाडून टाका, मधला पिवळा दांडा राहील. बोट लावून बघा, पिवळी पूड लागली तरच वापरा. मादीच्या मधोमध कुक्षीचे, म्हणजे पराग घेणाऱ्या टोकाचे, सहसा तीन जाडसर भाग असतात, त्या तिन्हींवर दांडा हलकेच फिरवा, रगडू नका. एकावरच फिरवून मोकळं होऊ नका हां, माझा एक भोपळा एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने चेपलेला निघाला होता तो यामुळेच. एका परागकणाची नळी आत उतरून एकाच बीजांडापर्यंत (ज्याची पुढे बी होते) पोचते, म्हणजे एक कण एक बी, आणि जिकडे बिया धरत नाहीत तिकडे गरही नीट भरत नाही. म्हणून मी एका मादीला दोन-तीन नर वापरतो.

चार-पाच दिवसांत गोटी फुगून देठ खाली झुकला की धरलं. पिवळी पडली तर खुडा, पुढच्या कळीकडे बघा.

आणि दुधी असेल तर यातली वेळ विसरा, त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, टॉर्च घेऊन जा.