पाइनच्या लागवडीत काम करायचंय? आधी आरागिरणी बघा

वनशास्त्राकडे वळणाऱ्या बहुतेकांना झाडं आवडतात. लाकडाचा विचार ते पुढे कधीतरी करतात. पाइनच्या व्यावसायिक लागवडीत उतरायचं असेल तर हा क्रम उलटा केलेला बरा. "सुरुवात कुठून करू?" असं कोणी विचारलं की मी रोपवाटिकेचं नाव घेत नाही. आरागिरणीत जा, जिथे फळ्यांची प्रतवारी होते तिथे दिवसभर उभे राहा, आणि बाजूला टाकलेल्या प्रत्येक फळीबद्दल कारण विचारा, असं सांगतो. कारणं तीच तीच निघतात: गाठ मोठी आहे, फळी पिळली आहे, मध्येच राळेचा कप्पा आहे, फळी हवी तितकी ताठ नाही. यातल्या बऱ्याचशा दोषांचं मूळ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी घेतलेल्या, किंवा घ्यायचा राहून गेलेल्या, निर्णयात असतं. ते निर्णय म्हणजेच आपलं काम.

सगळ्यात आधी कोवळं लाकूड समजून घ्या. पाइनच्या खोडात मध्यबिंदूपासून मोजलेली पहिली साधारण १० वलयं (वर्षाला एक वलय) बाहेरच्या लाकडापेक्षा वेगळी असतात. तिथल्या पेशींच्या भिंतींतले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू खोडाच्या अक्षाला तिरके बसलेले असतात, घनता कमी असते, आणि वाळताना हे लाकूड लांबीतही आकसतं. फळीची एक बाजू कोवळ्या लाकडाची आणि दुसरी पक्व लाकडाची असेल तर ती वाळवणीच्या भट्टीतून वाकडी बाहेर येते. झाड भराभर वाढवून लवकर तोडलं तर ओंडका जाड दिसतो, पण त्यात कोवळ्या लाकडाचा वाटा मोठा असतो. म्हणून लावणीपासून तोडीपर्यंतचा काळ, ज्याला आपण फेरा म्हणू, केवळ झाड किती जाड झालं यावर ठरत नाही. न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइनचा फेरा २५ ते ३० वर्षांचा असतो. स्वीडन-फिनलंडमध्ये स्कॉट्स पाइन ८०-१०० वर्षं उभा राहतो, त्याची वलयं दाट असतात, आणि त्यातून निघणारी फळी वेगळ्याच जातकुळीची असते. वाढीचा वेगही तसाच: रेडिएटा चांगल्या जागी वर्षाला हेक्टरी २० घनमीटर किंवा त्याहून जास्त लाकूड देतो, तर स्वीडनच्या जंगलांची सरासरी ५ घनमीटरच्या आसपास आहे.

गंमत म्हणजे जगभर पसरलेला हा रेडिएटा मूळचा फार छोट्या जागेतला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तीन पट्टे आणि मेक्सिकोची दोन बेटं, एवढंच त्याचं घर. तिथे तो वाकडातिकडा, फांद्याळ वाढतो. सरळ, उंच रेडिएटा हे निवड-पैदाशीचं आणि रोपांमधल्या अंतराचं फळ आहे.

हे अंतर, म्हणजे हेक्टरी किती झाडं ठेवायची हा आकडा, माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोलाचा आकडा आहे. विरळ लावलं तर खोडं लवकर जाड होतात, पण खालच्या फांद्या जगतात आणि जाड होतात, म्हणजे फळीत मोठ्या गाठी येतात. दाट लावलं तर फांद्या बारीक राहतात, पण झाडं उंच आणि किडकिडीत होतात. उंचीला छातीच्या पातळीवरच्या व्यासाने भागा, दोन्ही एकाच एककात. उत्तर ८० च्या वर गेलं की वाऱ्याची काळजी सुरू करा. मधला मार्ग म्हणून हेक्टरी ८०० ते १,००० रोपं लावायची आणि विरळणी करत शेवटी तीन-चारशे उत्तम झाडं राखायची, ही रेडिएटाची रुळलेली पद्धत. विरळणीची वेळ चुकली तर नंतर भरपाई नाही. दाटीत वाढलेली झाडं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. उशिरा विरळणी करून तो आधार काढला की पुढची काही वर्षं ती वादळात आडवी होण्याचा धोका वाढतो. नवख्यांना विरळणीत चांगली झाडं पाडताना जीव हळहळतो. पहिल्या हंगामात सगळ्यांचंच तसं होतं, नंतर डोळा सरावतो.

उशिराच्या विरळणीची किंमत वादळाशिवायही मोजावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवरच्या 'ग्रीन ट्रँगल' भागात १९८७ ते १९८९ दरम्यान सायरेक्स या लाकूड पोखरणाऱ्या गांधीलमाशीसारख्या किड्याने ५० लाखांहून अधिक पाइन मारले. हा किडा दबलेली, तहानलेली झाडं शोधतो. अंडी घालताना तो खोडात एक विषारी स्राव आणि एक बुरशी सोडतो, आणि दोन्ही मिळून झाड वाळवतात. वेळेवर विरळ न केलेल्या दाट लागवडींमध्ये त्याला असं खाद्य मुबलक मिळालं. त्यावरचा उपायही विलक्षण आहे. एक सूत्रकृमी (दोऱ्यासारखा सूक्ष्म जीव) आहे, तो झाडात त्याच बुरशीवर जगतो, किड्याच्या अळीत शिरतो आणि पुढे मादीची अंडी निकामी करतो. हा सूत्रकृमी प्रयोगशाळेत वाढवून झाडांत टोचतात. पण त्याला काम करायला वेळ लागतो, म्हणून पहिला बचाव विरळणीचाच.

छाटणीकडे येऊ, कारण इथे लाकूड आणि पैसा समोरासमोर येतात. गाठ म्हणजे खोडात गाडलं गेलेलं फांदीचं बूड. झाड लहान आणि खोड बारीक असतानाच फांद्या दोन-तीन टप्प्यांत साधारण ६ मीटर उंचीपर्यंत छाटल्या, तर त्यानंतर चढणारं सगळं लाकूड बिनगाठीचं असतं, आणि अशा ओंडक्याला भाव जास्त. एका वेळी फार छाटलं तर हिरवा पर्णसंभार कमी होऊन वाढ खुंटते. उशिरा छाटलं तर आतला गाठाळ भाग जाड होतो आणि मेहनत वाया जाते. आता हिशोब बघा. सातव्या वर्षी छाटणीवर १०० खर्च केले आणि २८ व्या वर्षी तोड केली, तर ६ टक्के चक्रवाढ दराने त्या १०० चे ३४० होतात. बिनगाठीचा ओंडका साध्या ओंडक्यापेक्षा तेवढे जास्त मिळवून देणार आहे का? उत्तर 'कदाचित' असेल तर छाटणी सोडलेली बरी. न्यूझीलंडमध्ये अनेक मालकांनी हाच हिशोब करून छाटणी कमी केली. जंगलाच्या जमिनीचं मोल व्याजासकट मांडण्याचं सूत्र जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्ये दिलं आणि ते आजही वापरात आहे. हे गणित हाताने करता येईपर्यंत सॉफ्टवेअरला हात लावू नका, असा माझा आग्रह असतो. तो काहींना जुनाट वाटतो, वाटू दे.

लावणीबद्दल थोडक्यात. रोपाचं मूळ खड्ड्यात दुमडलं गेलं तर पाच-सहा वर्षांनी झाड बुडातून कलतं आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून रोप थोडं खोल बसवून हलकेच वर ओढून घेतात, म्हणजे मुळं खाली सरळ होतात. पहिल्या वर्षी रोपाभोवतीचं तण काढणं खतापेक्षा महत्त्वाचं. आणि जिथे पाइन पूर्वी कधीच नव्हते अशा जमिनीत मुळांवरची सहजीवी बुरशी लागते. दक्षिण गोलार्धातल्या काही सुरुवातीच्या लागवडी जुन्या पाइनखालची माती आणून टाकेपर्यंत पिवळ्या पडून खुरटत होत्या.

मोजणी हे नवख्याचं पहिलं खरं काम असतं. कंटाळवाणं आहे, पण त्यातूनच माणूस तयार होतो. व्यास छातीच्या उंचीवर घेतात, पण ती उंची युरोपात १.३ मीटर, न्यूझीलंडमध्ये १.४ मीटर आणि अमेरिकेत साडेचार फूट. जुने आकडे वापरताना हे आधी तपासा. उतारावर माप वरच्या बाजूने घ्यायचं. हेक्टरी झाडांचं एकूण छेदक्षेत्र, म्हणजे छातीच्या उंचीवर खोडांच्या आडव्या छेदांचं क्षेत्रफळ, काढायची एक सुंदर युक्ती ऑस्ट्रियाच्या वाल्टर बिटरलिख यांनी १९४० च्या दशकात शोधली. एका जागी उभं राहून ठरावीक कोनाचं साधन डोळ्यासमोर धरून पूर्ण गोल फिरायचं आणि त्या कोनापेक्षा जाड दिसणारी झाडं मोजायची. साधन २ गुणकाचं असेल तर मोजलेलं प्रत्येक झाड म्हणजे हेक्टरी २ चौरस मीटर. अंतर मोजावं लागत नाही, व्यासही नाही. हे का जमतं ते कागदावर सिद्ध करून बघा. त्या एका सिद्धतेने नमुना-पाहणी जितकी डोक्यात बसते तितकी एखाद्या सत्राच्या व्याख्यानांनी बसत नाही.

आता 'शाश्वत' या बाजूकडे. ही कल्पना निसर्गप्रेमातून आली असं अनेकांना वाटतं. १७१३ मध्ये ती मांडली सॅक्सनीच्या खाणखात्यातल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या अधिकाऱ्याने, कारण खाणी आणि भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं. तोडाल तितकं वाढू द्या, हा तिचा गाभा. आज एवढ्यावर भागत नाही. तोडलेल्या जागी पुन्हा रोपं लावली हे कोणीही दाखवेल. खरी परीक्षा पाणी, उतार आणि बी या तीन ठिकाणी होते.

पाइन बारमाही हिरवा असतो, पावसाचा काही भाग त्याच्या माथ्यावरूनच वाफ होऊन जातो आणि मुळं खोल जातात. गवताळ किंवा झुडपी पाणलोटात तो लावला की ओढ्याचा प्रवाह घटतो. दक्षिण आफ्रिकेत योंकर्सहूकच्या पाणलोटांमध्ये १९३० च्या दशकापासून हे मोजलं गेलं, आणि १९९८ च्या तिथल्या जलकायद्याने व्यावसायिक वनलागवडीला 'प्रवाह घटवणारी कृती' ठरवून परवान्याखाली आणलं. तुमच्या प्रकल्पाच्या खाली कोण पाणी पितं, हा प्रश्न मुलाखतीत तुम्हीच विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर जपून.

उताराचा धडा न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याने दिला. जून २०१८ मध्ये टोलागा बे इथे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात, तोडीनंतर उतारांवर पडून राहिलेला फांद्या-ओंडक्यांचा कचरा पुरासोबत खाली आला. पूल, कुंपणं, शेतं आणि किनारे त्याने भरून गेले. यामागची प्रक्रिया साधी आहे. तोडीनंतर जुनी मुळं कुजू लागतात, नव्या रोपांची मुळं माती धरायला अजून तयार नसतात, आणि मधली काही वर्षं उतार उघडा पडतो. त्या काळात मोठा पाऊस आला तर दरड आणि कचरा एकत्र सुटतात. हे उमगलं की मोठं क्षेत्र एकदम का तोडू नये, ओढ्याकाठचा पट्टा का सोडावा आणि काही उतारांवर उत्पादनासाठी पाइन मुळात लावूच का नये, हे वेगळं शिकवावं लागत नाही. हीच जंगलं उभी असताना तोच उतार धरून ठेवतात, हेही तितकंच खरं. म्हणून 'पाइन वाईट' असा सरसकट निकाल देणाऱ्यांशी माझं पटत नाही.

तिसरं, बी. पाइनचं बी पंखवालं, वाऱ्यावर दूर जाणारं. उघड्या माथ्यांवर लावलेल्या काँटोर्टा पाइनने न्यूझीलंडच्या डोंगराळ गवताळ प्रदेशात असा प्रसार केला की आता ते उपटण्यावर सरकारी पैसा खर्च होतो. जात निवडताना वाढीच्या तक्त्याइतकाच वाऱ्याचा रोख बघायचा तो यासाठी.

जंगलाची निगा जबाबदारीने राखली जाते याची एफएससी (स्थापना १९९३) आणि पीईएफसी (१९९९) ही दोन प्रमाणपत्रं तुमच्या रोजच्या कामात सतत भेटतील. तपासनीस ओढ्याचे पट्टे, रसायनांच्या नोंदी, नैसर्गिक जंगलाचे राखलेले तुकडे, मजुरांचे करार असं सगळं बघतात. कागदं रंगवणं म्हणून याकडे बघणारे आहेत, पण पहिल्याच वर्षी एका तपासणीत वही धरून मागे मागे फिरायची संधी मिळाली तर सोडू नका.

सुरक्षेवर मी तडजोड करत नाही. २०१३ मध्ये एकट्या न्यूझीलंडमध्ये वनकामात १० माणसं गेली, आणि त्यानंतर संपूर्ण उद्योगाची स्वतंत्र सुरक्षा-पाहणी झाली. झाड पाडलं जात असताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात पाडणाऱ्याशिवाय कोणी नको. पडण्याच्या दिशेला खाच, मागून काप, आणि मध्ये राखलेली लाकडाची 'बिजागरी'. ती पूर्ण कापली गेली तर झाड कुठे जाईल यावर कोणाचाच ताबा राहत नाही. पदवी असली तरी प्रशिक्षण आणि परवानगीशिवाय करवत हातात घेऊ नका. तीव्र उतारांवर आता दोराने बांधलेली यंत्रं काम करतात, त्यामुळे करवत हातात घेऊन उभी राहणारी माणसं कमी झाली, आणि हे चांगलंच झालं.

शिक्षणासाठी न्यूझीलंडचं कँटरबरी विद्यापीठ, दक्षिण आफ्रिकेचं स्टेलनबॉश आणि स्वीडनचं कृषिविज्ञान विद्यापीठ ही लागवडीच्या वनशास्त्रात नावाजलेली ठिकाणं. कुठेही गेलात तरी संख्याशास्त्र आणि मृदाशास्त्र टाळू नका. लायडार (लेझरने हवेतून मापन), क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), आर (आकडेमोडीची संगणकभाषा) हे नोकरीच्या जाहिरातीत दिसतं आणि यायलाच हवं. पण हवाई मापनातून आलेली उंची खोटी वाटते आहे हे ओळखायला आधी जमिनीवर बरीच झाडं मोजलेली असावी लागतात. तोडयंत्रं आता प्रत्येक खोडाची लांबी-व्यास नोंदवतात. ही माहिती वाचता येणारे लोक कमी आहेत, तिथे नवख्याला पटकन जागा मिळते.

पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: मागच्या तोडीत प्रतवारीनुसार किती लाकूड मिळेल असा अंदाज होता, आणि गिरणीत प्रत्यक्ष किती उतरलं? जिथे हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवतात तिथे जा, मग काम मोजणीच्या टोळीत असलं तरी चालेल.