डेस्कटॉप आणि लॅपटॉप जोडले एकदाचे (माझा अनुभव)

घरातले सगळे जुने फोटो डेस्कटॉपवर, साधारण २०० जीबी, आणि ते लॅपटॉपवर हवे होते. पेनड्राइव्हने चार-पाच फेऱ्या मारून कंटाळलो, मग दोन्ही मशीन लॅन केबलने राउटरला लावली. डेस्कटॉपला १९२.१६८.१.५ हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, लॅपटॉपला १९२.१६८.१.६, तरी पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची कमांड) केलं की रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही! केबल बदलली, पोर्ट बदलला, काही नाही. शेवटी बघितलं तर डेस्कटॉपवर नेटवर्क प्रोफाइल पब्लिक होतं (त्यात विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारी कनेक्शनं अडवते), ते प्रायव्हेट केलं, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ऑन केलं आणि लगेच पिंग लागलं. फायरवॉल पूर्ण बंद करू नका हो, गरजच नाही.

पुढे लॅपटॉपवरून डेस्कटॉपचं फोल्डर उघडताना पासवर्डवर अडलो. मी आपला रोजचा पिन टाकत बसलो, पण विंडोजचा पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. मग डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी वेगळा लोकल युजर बनवला, पासवर्ड दिला आणि फोल्डरच्या शेअरिंग व सिक्युरिटी दोन्ही टॅबमध्ये त्याला परवानगी दिली (एकाच ठिकाणी दिली तर ॲक्सेस डिनाइड येतं).

स्पीड मात्र सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे (मेगाबिटचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी) निघाले! म्हणजे २०० जीबीला पाच तास. गिगाबिट स्विच (केबली जोडायचा, दहापट वेगाचा डबा) मध्ये टाकला, केबल कॅट ६ (हा वेग पेलणारी) होतीच, आणि तेच काम अर्ध्या तासात झालं. खूप बरं वाटलं.