दुहेरी बाद पद्धत आणि विषम संख्येचे संघ : या चुका टाळा

दुहेरी बाद पद्धतीत संघ दोनदा हरल्यावरच बाद होतो : एकदा हरलेले पराभूतांच्या गटात, न हरलेले विजेत्यांच्या गटात खेळतात आणि दोन्ही गटांत शेवटी उरलेल्या संघांचा अंतिम सामना होतो. सात संघांची व्हॉलीबॉल स्पर्धा या पद्धतीने घ्यायची ठरली की आयोजक हमखास म्हणतात, ‘एका संघाला बाय देऊ, पुढचे पुढे बघू.’ बाय म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत जाणे. सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण पहिल्या फेरीतील तीन सामन्यांतून तीन संघ हरतात आणि पराभूतांच्या गटात विषमतेचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एका मंडळाच्या स्पर्धेत मी पंच होतो. विजेत्यांच्या गटाची दुसरी फेरी संपेपर्यंत पराभूतांचा एकही सामना झालेला नव्हता, तेव्हा जमलेल्या पाच संघांच्या चिठ्ठ्या एकत्र टाकल्या गेल्या आणि बाय नेमका त्याच संघाला मिळाला, ज्याला तो पहिल्या फेरीतही मिळाला होता. एकच सामना खेळून, तोही हरून, हा संघ पुढच्या फेरीत बसला. उरलेल्या कर्णधारांनी मैदानात उतरण्यास नकार दिला आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

मी चिठ्ठ्या एकदाच काढतो आणि दोन्ही गटांचा संपूर्ण तक्ता पहिल्या सामन्याआधी फळ्यावर लावतो. सात संघांसाठी आठ घरे आखून एक रिकामे ठेवावे. त्या घरासमोरच्या संघाला पहिला बाय मिळतो. त्याच्या शेजारच्या सामन्यात हरणाऱ्याला पराभूतांच्या गटात दुसरा. अशा रीतीने एकाच संघाला दोनदा बाय मिळूच शकत नाही. दुसऱ्या फेरीत हरलेल्या संघांना मात्र तक्त्याच्या विरुद्ध अर्ध्या भागात उतरवावे, नाहीतर नुकतेच खेळलेले दोन संघ लगेच पुन्हा समोरासमोर येऊ शकतात. पाच संघ असतील तर तीन घरे रिकामी राहतात. नऊ संघ असतील तर सोळांपैकी सात रिकामी राहतात. तेव्हा दुहेरी बादचा हट्ट सोडून तीन-तीन संघांची साखळी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

गैरहजर संघामुळे मिळालेली पुढे चाल आणि तक्त्यातला बाय यांची नोंद वेगवेगळी करावी.

अंतिम सामन्यात अपराजित संघ हरला, तर तो त्याचा पहिलाच पराभव असतो, म्हणून दुसरा अंतिम सामना खेळवावा लागतो. हा नियम सकाळीच सर्व कर्णधारांना वाचून दाखवावा. चषक टेबलावर मांडल्यावर तो सांगितला, तर कोणी ऐकून घेत नाही. सात संघांचे त्यामुळे 12 किंवा 13 सामने होतात आणि तीन सेटच्या सामन्याला तास धरला, तर एका मैदानावर ते एका दिवसात मावत नाहीत. वेळ वाचवण्यासाठी केवळ पराभूतांचे सामने एका सेटचे करणे मला अन्यायाचे वाटते. करायचेच तर दोन्ही गटांच्या सुरुवातीच्या फेऱ्या सारख्याच लहान कराव्यात. पहिलाच सामना हरलेल्या संघाला विजेतेपदापर्यंत सात सामने खेळावे लागू शकतात, म्हणून त्याच्या दोन सामन्यांमध्ये मी किमान अर्ध्या तासाची विश्रांती तक्त्यातच लिहून ठेवतो.