आडनाव सोडा, भाट धरा: गोव्यातल्या पोर्तुगीज पूर्वजाचा माग

घराण्यात कुणी पोर्तुगालहून आला होता असे कळले की बहुतेक जण आधी आडनावाच्या मागे लागतात, आणि तिथेच चकवा लागतो. सोझा, फर्नांडिस, परेरा ही आडनावे धर्मांतराच्या वेळी पाद्रीकडून किंवा धर्मपित्याकडून मिळालेलीही असत. आडनाव म्हणजे रक्ताचा पुरावा नव्हे. जमीन मात्र जागची हलत नाही.

घराण्याच्या एखाद्या भाटाचा (माडा-झाडांच्या बागायती जमिनीचा) एक-चौदाचा उतारा, म्हणजे आजच्या जमीन नोंदीचा कागद, काढा. त्यावरचा सर्व्हे नंबर गोवा मुक्तीनंतरच्या मोजणीचा, त्यामुळे पोर्तुगीज वह्यांत तो सापडणार नाही. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे जुने विक्रीखत. त्यात बहुधा दिस्क्रिसांवचा, म्हणजे जमिनीच्या वर्णनाच्या नोंदीचा, नंबर, पान आणि 'बी' वहीचा क्रमांक असतो. हे तीन आकडे घेऊन त्या तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात जा. मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते इन्स्क्रिसांवच्या, म्हणजे मालकीच्या नोंदींच्या, 'जी' वहीत मिळते.

त्या काळी जमीन नावाने ओळखत, आणि 'वडलें भाट' (मोठे भाट) तर एकाच गावात दोन-तीन असतात. म्हणून नावावर न थांबता चतु:सीमा ताडून पाहा: नासेंत म्हणजे पूर्व, पोएंत पश्चिम, नोर्त उत्तर, सूल दक्षिण. शेजाऱ्याच्या नावाआधी 'एर्देयरुस द' आले तर तो शेजारी वारला आणि जमीन वारसांकडे गेली असे समजा. तीन बाजू जुळल्या आणि चौथी अशी बदललेली दिसली तर भाट तेच.

खरा खजिना इन्व्हेंतारियोत, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी करणाऱ्या न्यायालयीन फायलीत. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. वारसांत कुणी अल्पवयीन असला की न्यायालयात यादी करून वाटणी करावी लागे. या फायलीत मृत्यूची तारीख, प्रत्येक वारसाचे वय, लग्न झाले की नाही, राहण्याचे ठिकाण (मुंबई, मोझांबिक!) आणि मालमत्तेची कलमवार किंमत असते. नवरा गेल्यावर अर्धा हिस्सा बायकोचा आणि 'काबेस द काजाल' (वाटणीपर्यंत मालमत्ता सांभाळणारी प्रमुख व्यक्ती) सहसा तीच, म्हणून फाईल विधवेच्या नावानेही शोधा. पुरुषाचेच नाव धरून बसलेले इथे हटकून अडकतात.

त्याआधीच्या काळासाठी पणजीचे पुराभिलेख खाते. इथे आफ्रामेंताचे, म्हणजे जमिनीच्या पट्ट्यांचे, कागद पाहावेत. सरकारची किंवा गावकारीची (गावाच्या सामाईक मालकीच्या संस्थेची) जमीन फोर, म्हणजे ठरावीक खंड, भरण्याच्या बोलीवर घेतलेली असे. 'त्रेश विदाश' लिहिले असेल तर पट्टा तीन धारकांच्या हयातीपुरता, म्हणजे एकाच जागेच्या कागदांत तीन नावे लागोपाठ लागण्याची शक्यता. साखळी एखाद्या मठाशी येऊन तुटली तर घाबरू नका. 1834 च्या हुकमाने मठ बंद झाले आणि त्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या. तुमच्या पूर्वजाने तिथे जमीन विकत घेतलेली असू शकते. त्याआधीचा शोध मग दुसऱ्या भाटावरून घ्यावा.

तारखा वाचताना जपून. '7ब्रु' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. '8ब्रु' ऑक्टोबर, '9ब्रु' नोव्हेंबर आणि 'एक्सब्रु' डिसेंबर. ही एक चूक झाली की मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला दिसू लागतो.

पूर्वज खरोखर तिकडून आला होता का, हे ठरते कागदांतल्या 'नातुराल द' (मूळचा अमुक ठिकाणचा) या शब्दांनंतर काय लिहिले आहे त्यावर. पुढे पोर्तुगालमधल्या फ्रेगेझियाचे, म्हणजे पॅरिशचे, नाव असेल तर ते अक्षर न अक्षर उतरवून घ्या. तिकडची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तके जिल्हावार अभिलेखागारांत आहेत आणि पॅरिशच्या नावानेच शोधावी लागतात. 'देशेंदेंत' असे लिहिले असेल तर माणूस इथेच जन्मलेला, पोर्तुगीज वंशाचा. अजून एक-दोन पिढ्या मागे जायला हवे.