परदेशी पदवी भारतात ग्राह्य धरली जावी म्हणून: विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

परदेशातील विद्यापीठ निवडताना ‘हे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना?’ असा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि त्याला ‘हो’ असे उत्तरही हमखास मिळते. अनेकदा ते उत्तर खोटे नसते. प्रश्नच अपुरा असतो. मान्यता कोणाची आणि कशासाठी, हे त्यात आलेले नसते. संबंधित देशाच्या कायद्याने त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार दिला आहे का, ही एक बाब झाली. ती पदवी भारतातील समान स्तराच्या पदवीशी समकक्ष धरली जाते का, ही दुसरी. आणि त्या पदवीच्या आधारे भारतात डॉक्टर, वकील किंवा वास्तुविशारद म्हणून नोंदणी होते का, ही तिसरी. या तिन्हींचा निर्णय वेगवेगळ्या संस्था करतात आणि एकीचा होकार दुसरीवर बंधनकारक नसतो. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी हे तीन प्रश्न सुटे करून विचारले, तर पुढील बहुतेक चुका टळतात.

प्रवेश देण्याची परवानगी म्हणजे पदवीची मान्यता समजणे

२०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर कारवाई केली, तेव्हा तिथे नाव नोंदवलेले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते. परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे देण्याची सरकारी परवानगी त्या संस्थेकडे होती. अ‍ॅक्रेडिटेशन (शैक्षणिक दर्जा तपासून मिळणारी मान्यता) मात्र नव्हते. व्हिसा मिळाला म्हणजे सरकारने विद्यापीठ तपासलेच असणार, हा तर्क किती महागात पडतो, हे त्या विद्यार्थ्यांनी भोगले आहे. कॅनडातील ‘डेझिग्नेटेड लर्निंग इन्स्टिट्यूशन’ची यादीही अशीच चुकीची वाचली जाते. परदेशी विद्यार्थी घेण्यास कोणत्या संस्थांना मुभा आहे, एवढेच ती यादी सांगते. भारतात त्या पदवीचे काय होईल, याच्याशी तिचा संबंध नाही.

पडताळणी मूळ नोंदवहीतच करावी, विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत नव्हे. अमेरिकेत संस्थेची अ‍ॅक्रेडिटेशन तिथल्या शिक्षण विभागाच्या माहितीसंचात शोधता येते, इंग्लंडमध्ये ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ची नोंदवही पाहता येते आणि ऑस्ट्रेलियात ‘टेक्सा’ या नियामकाची. जर्मनीचा ‘अनाबिन’ हा माहितीसंच तर इतर देशांतील विद्यापीठांचा दर्जाही नोंदवतो, त्यामुळे दुसरे मत म्हणून तो कोणालाही उपयोगी पडतो. अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेचे केवळ नाव पाहून थांबू नये. पाकिस्तानातील अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचे प्रकरण २०१५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा असे दिसले की तिने बनावट विद्यापीठांबरोबर त्यांना मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही संकेतस्थळांवर उभ्या केल्या होत्या. म्हणून मान्यता देणाऱ्या संस्थेला कोणाची मान्यता आहे, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जागतिक क्रमवारीविषयी थोडक्यात सांगायचे, तर ती मान्यतेचा पुरावा नाही. शिवाय संपूर्ण विद्यापीठाची क्रमवारी पाहून त्याच्या एखाद्या दूरस्थ शाखेचा अभ्यासक्रम निवडणे म्हणजे वेगळ्याच गोष्टीचे मोजमाप आपल्या गोष्टीला लावणे होय.

समकक्षतेचा विचार पदवी हाती आल्यावर करणे

परदेशी पदव्यांना समकक्षता प्रमाणपत्र देण्याचे काम वर्षानुवर्षे भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, करत आला. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयावर स्वतंत्र विनियम अधिसूचित केले. त्यामुळे जुने लेख आणि आधी परतलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव यांवर विसंबून निर्णय घेऊ नये. आपल्या प्रवेशाच्या वेळी कोणता नियम लागू आहे, तोच पाहावा. या विनियमांचा गाभा असा: संस्था तिच्या देशाच्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त असावी आणि अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्याची पात्रता भारतातील तशाच अभ्यासक्रमाच्या पात्रतेशी मिळतीजुळती असावी. ‘बारावीत कितीही गुण असले तरी चालेल, पूर्वतयारीचे वर्षही नको, थेट दुसऱ्या वर्षाला घेऊ’ असे आश्वासन देणाऱ्या संस्थेकडे या दृष्टीने पाहावे. प्रवेशाच्या वेळी मिळालेली सूट पुढे समकक्षतेच्या अर्जातील त्रुटी ठरू शकते.

फ्रँचायझी व्यवस्थेतून मिळवलेल्या पदवीला हे विनियम मान्यता देत नाहीत, आणि ही अट फार थोडे लोक वाचतात. नामांकित विद्यापीठाचे नाव, पण शिकवणारी संस्था भलतीच आणि बहुधा तिसऱ्याच देशात, अशी रचना असेल, तर त्या दोघांतील कराराचे स्वरूप लेखी मागावे. विद्यापीठाची स्वतःची दुसऱ्या देशातील शाखा हा वेगळा प्रकार आहे. तिथे मूळ देश आणि शाखा ज्या देशात आहे तो देश, अशा दोन्हींच्या नियमांची पूर्तता पाहावी लागते. भारतीय आणि परदेशी विद्यापीठे मिळून आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार जे संयुक्त, दुहेरी किंवा ट्विनिंग अभ्यासक्रम चालवतात, त्यांना निराळी समकक्षता घ्यावी लागत नाही. मात्र आपला अभ्यासक्रम खरोखर त्या विनियमांखाली येतो का, याची खात्री भारतीय विद्यापीठाकडून करून घ्यावी.

अभ्यासक्रमाच्या कालावधीचा घोळ इंग्लंडच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीमुळे अनेकांना ठाऊक झाला. ती पदवी भारतात दोन वर्षांच्या पदवीच्या बरोबरीने धरावी का, हा वाद बराच काळ रेंगाळला आणि जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी परस्पर मान्यतेच्या करारावर सह्या केल्यानंतर मार्ग मोकळा झाला. ऑस्ट्रेलियाबरोबर अशीच व्यवस्था मार्च २०२३ मध्ये झाली. इंग्लंडबरोबरच्या करारातून अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, विधी आणि वास्तुकला या व्यावसायिक पदव्या वगळलेल्या आहेत, हे मात्र जाहिरातीत सांगितले जात नाही.

वैद्यकीय शिक्षणात ‘मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी’ शोधणे

सर्वांत जास्त नुकसान या क्षेत्रात होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशी महाविद्यालयांची शिफारस करणारी कोणतीही यादी प्रसिद्ध करत नाही. ‘आमचे महाविद्यालय एनएमसीच्या यादीत आहे’ असे कोणी सांगितले, तर सावध होण्यास तेवढे वाक्य पुरेसे आहे. ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’मधील नोंद हीसुद्धा केवळ नोंद आहे, मान्यता नव्हे. आयोग अटी घालून देतो, आणि आपला अभ्यासक्रम त्या अटींत बसतो का, हे तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच येते.

१८ नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी आणि सर्व शिक्षण त्याच देशात, एकाच संस्थेत पूर्ण व्हावे. पदवी देणाऱ्या देशात तिथल्या नागरिकांना मिळतो त्याच तोडीचा व्यवसायाचा परवाना मिळण्यास विद्यार्थी पात्र असला पाहिजे. प्रवेशापासून दहा वर्षांत सर्व टप्पे पूर्ण करावे लागतात आणि भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. परदेशात प्रवेश घेण्याआधी नीट-यूजी परीक्षेतील पात्रता हवीच. ती नसताना जाऊन आलेल्या विद्यार्थ्याची अडचण नंतर कोणत्याही अर्जाने दूर होत नाही.

या अटी कागदावर सोप्या वाटतात, अडचण बारकाव्यांत असते. ५४ महिने म्हणजे साडेचार वर्षे. त्यामुळे आधी जीवशास्त्राची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, अशी रचना असलेल्या देशात एकूण वर्षे भरपूर दिसली, तरी वैद्यकीय शिक्षणाचे महिने कमी पडतात. वर्गात इंग्रजी असले, तरी रुग्ण स्थानिक भाषाच बोलतात. ती भाषा आली नाही, तर रुग्णतपासणीचे शिक्षण नावापुरते उरते आणि त्याची किंमत एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांना भारतात द्यावी लागणाऱ्या, परीक्षेत मोजावी लागते. ३०० प्रश्नांपैकी किमान १५० बरोबर आल्याशिवाय या परीक्षेत उत्तीर्ण होता येत नाही आणि तिचा निकाल सातत्याने कमी लागतो. स्वस्त शुल्कापेक्षा त्या महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात किती खाटा आहेत आणि विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ जाऊ दिले जाते का, हे तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारणे अधिक मोलाचे आहे.

मध्येच विद्यापीठ बदलणे

सर्व शिक्षण एकाच देशात, एकाच संस्थेत पूर्ण करण्याची वर आलेली अट २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेल्या विद्यार्थ्यांना अनुभवावी लागली. त्यांच्यासाठी त्या वर्षी वैद्यकीय आयोगाने दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिक्षण पूर्ण करण्याची विशेष सवलत दिली. ती युद्धाच्या परिस्थितीपुरती होती. शुल्क परवडत नाही किंवा वसतिगृह आवडले नाही, म्हणून केलेल्या बदलीला ती लागू होत नाही. प्रवेश घेऊन वर्ष झाले असेल आणि अभ्यासक्रम अटींत बसत नसल्याचे आता कळले असेल, तर एजंटाच्या सल्ल्याने लगेच दुसरीकडे जाऊ नये. आधी संबंधित नियामकाचे विनियम स्वतः वाचावेत आणि प्रश्न लेखी पाठवावा. काही वेळा पहिल्या वर्षापासून नव्याने सुरुवात करणे हाच सुरक्षित मार्ग असतो. एक वर्ष गमावण्याचे दुःख मोठे असते, पण सहा वर्षांनंतर नोंदणी नाकारली जाणे त्याहून कितीतरी मोठे असते.

विधी शिक्षणात बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्यता दिलेल्या परदेशी विद्यापीठांची यादी असते, पण त्या यादीतील पदवी घेतल्यावरही भारतीय नागरिकाला कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. वास्तुकलेसाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे, दंतवैद्यकासाठी डेंटल कौन्सिलचे काम पाहणाऱ्या नियामकाकडे आणि परिचर्येसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आधी विचारणा करावी.

कागदपत्रे परत आल्यावर गोळा करू, असे म्हणणे

समकक्षतेचे अर्ज अडण्यामागे कित्येकदा विद्यापीठ नव्हे, तर कागद असतात. प्रवेशपत्र, प्रत्येक सत्राची गुणपत्रके, अभ्यासक्रमाचा तपशील, विद्यापीठाच्या मान्यतेचा त्या वर्षीचा पुरावा आणि पासपोर्टवरील प्रवेश-निर्गमनाचे शिक्के हे सारे शिकत असतानाच जपून ठेवावे. मूळ कागद इंग्रजीत नसतील, तर अधिकृत भाषांतर तिथेच करून घ्यावे. पदवीवर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचे आंतरराष्ट्रीय करारानुसारचे सरकारी प्रमाणन, घ्यायचे, ते पदवी देणाऱ्या देशातूनच. भारत या करारात २००५ मध्ये सामील झाला आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. जो देश करारात नाही, तिथे दूतावासामार्फत साक्षांकन करावे लागते. त्याला अधिक वेळ लागतो, म्हणून परतीचे तिकीट काढण्याआधीच ते काम सुरू करावे.